एकशे एकोणतीस ग्रॅम

आधी खिडकी.
सिडकोतली खिडकी ती केवढी,
तरी दोन्ही पल्ले उघडते, पंखा बंद करते.
भुकटी उडायला नको.
ओजसला खाली शकिलाभाभींकडे पाठवलंय,
मांजर आतल्या खोलीत, कडी लावून.
मग चष्मा, सातपूरहून आणलेला, कडांनी बंद.
कोपरापर्यंत रबरी हातमोजे.
"ऑपरेशन आहे का गं, वैजू?"
दादा दारातून.
"तिथंच बसा. आत येऊ नका."

जर्मनचं पातेलं नको,
कॉस्टिक त्याला खातं, फसफसतं.
स्टीलचं घ्यायचं, आणि त्यात पुन्हा कधी वरण नाही.
बुडाला खिळ्यानं फुली कोरून ठेवलीय,
घाईत कुणी चहाला घेऊ नये म्हणून.

काटा दादांचा.
सराफ बाजारामागच्या एका बोळात
चाळीस वर्षं त्यांनी लोकांची चांदी उजळली.
पैंजण, करंडे, देवघरातले टाक
तेजाबात बुडवायचे, मग रिठ्याच्या फेसात घासायचे,
उघड्या हातांनी.
मोजा घातला तर घुंगरू हाताला कसं लागणार?

आता रेशनच्या दुकानात मशीन त्यांचा अंगठा घेत नाही.
"पुसून लावा बाबा."
ते शर्टाला पुसतात.
"दुसरं बोट लावा."
ते दुसरं लावतात.
मागची रांग चुळबुळते.

खोबरेल तीनशे, शेंगदाण्याचं पाचशे, एरंडेल शंभर.
एवढ्या तेलाला सोडा एकशे एकोणतीस.
तेल बदललं की हिशोब नव्यानं मांडायचा.
चिमूटभर, मूठभर, हाताला कळतं,
हे सगळं पोह्यांपुरतं.
काट्यावर एकशे तीस दिसले
तर मी चमच्याच्या टोकानं एक ग्रॅम मागे घेते.
दादांना हे आवडतं. गुंजेचा माणूस.

पाणी दोनशे साठ, गार.
पाण्यात सोडा.
सोड्यात पाणी कधीच नाही.
कपाटाच्या दारावर खडूनं लिहिलंय
आणि तरी दर वेळी मोठ्यानं म्हणते.
थोडा थोडा, हलवत, तोंड बाजूला.
खाली गॅस नाही, काही नाही,
आणि पातेल्याला हात लावेल त्याला चटका.
वाफ खिडकीकडे निघते.

"अंगावर उडालं तर?"
"नळाखाली धरायचं. पंधरा-वीस मिनिटं, धार चालू.
लिंबू नाही, व्हिनेगर नाही, हळद नाही."
"आम्ही मातीत हात घालायचो,"
दादा म्हणतात,
आणि मग बराच वेळ
फक्त ढवळण्याचा आवाज.

दोन्ही कोमट झाल्यावर तेलात ओतते.
रवीची रेघ वर उमटून राहिली
की पिंपळगावच्या द्राक्षांच्या खोक्यात,
आत बटरपेपर.
वरून जुनी चादर.

दुसऱ्या दिवशी सुरीनं वड्या पाडल्या, मोजे घालूनच.
दादा जवळ आले. ओल्या मेणासारखी ती वडी बघून
त्यांचा अंगठा पुढं आला.
"कंपन्या नाव उठवतात ना. मी शिक्का मारू?"
मी त्यांचं मनगट धरलं.
जरा जोरातच धरलं.
"अजून नाही. अजून चावतो हा."
ते हसले. "मला आता काय चावणार?"
मी सोडलं नाही.

सहा आठवडे फळीवर.
शकिलाभाभी म्हणाल्या, "दहा रुपयांत मिळतो की."
खरंय.
वड्या आक्रसल्या, हलक्या झाल्या, वास मवाळ झाला.
पण शिक्क्यासाठी आता फारच कडक.
दादांनी दाबून पाहिलं. काही उमटलं नाही.
"राहू दे," म्हणाले, आणि आंघोळीला गेले.

परवा बाथरूम धुताना त्यांची वडी उचलली.
निम्म्यानं झिजलेली.
एका बाजूला खोलगट जागा,
रोज तिथंच धरून धरून पडलेली.
माझा अंगठा ठेवून पाहिला, त्यात सैल बसला.
एकही रेघ नाही तिथं.
मी ती वडी तशीच, खड्डा वर करून,
साबणदाणीत ठेवली.